पगाराची तारीख आणि एसआयपीची तारीख: एका शिक्षिकेची इंडेक्स फंडातली सुरुवात

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, रकमा हजाराच्या घरात आणल्यात. त्यांना इथे 'मॅडम' म्हणतो, गावातही सगळे तेच म्हणतात. माझी पत्नी त्यांच्याच केंद्रात शिकवते, म्हणून मी त्यांचा 'भाऊजी'. मी बँकेत तीस वर्षं काढून निवृत्त झालोय. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी केलेला सल्लागार नाही आणि या कामाचे पैसेही घेतलेले नाहीत. म्हणून कुठल्याही फंड कंपनीचं नाव पुढे येणार नाही.

पार्श्वभूमी

जुलै २०२४. मॅडमचं वय ३८. शिक्षणसेवक म्हणून लागल्या २०१० साली, म्हणजे जुन्या पेन्शनची गाडी चुकलेली. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना आधी डीसीपीएस आणि पुढे एनपीएस, म्हणजे पगारातल्या कपातीवर चालणाऱ्या पेन्शन योजना. हातात पगार सुमारे ५२ हजार. पतीचं तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, उत्पन्न हंगामावर. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, घरात सासू-सासरे.

बचत अशी: एका राष्ट्रीयीकृत बँकेत तीन लाखांची मुदत ठेव, सप्टेंबरमध्ये पिकणारी. थोडं सोनं, एक भिशी. आणि शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज, ६० हजार बाकी, महिना ४,८०० पगारातूनच कापून जायचे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि तीच पुढे सगळ्यात जड ठरली. मॅडमच्या आईचे दोन लाख रुपये काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत अडकले, ते अजून सुटलेले नाहीत. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे त्या कुटुंबाला पैसे अडकल्यावर समजलं. त्यांना ती पतसंस्था सुचवली होती जावयानेच, म्हणजे मॅडमच्या यजमानांनी.

अडचण

ठेव पिकायला दोन महिने होते, तेवढ्यात बँकेतून फोन सुरू झाले. "मॅडम, एफडीत काय मिळतं आता? बाजाराशी जोडलेली पॉलिसी घ्या, पाच वर्षं फक्त ५० हजार भरायचे, वर विमा फुकट." अर्ज जवळजवळ भरून झाला होता. सही राहिली होती ती पेन चालेना म्हणून, असं त्या हसत सांगतात.

दुसरीकडे पुण्याला आयटीत असलेला भाचा. तो म्हणे, "मामी, डीमॅट उघड, मी ग्रुपवर टाकतो त्या टिप्सवर ऑप्शन घे, महिन्याला आठ-दहा हजार कुठे गेले नाहीत." (डीमॅट म्हणजे शेअर्स ठेवायचं खातं, आणि ऑप्शन म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेली पैजच.)

मॅडमचा मला विचारलेला प्रश्न मात्र साधा होता. "भाऊजी, ते निफ्टीचा फंड म्हणतात तो चांगला असतो का? आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासात देऊन झालं. दुसऱ्याला अडीच महिने लागले.

समोर असलेले पर्याय

बँकेची पॉलिसी आधी बाजूला काढली. विमा आणि गुंतवणूक एकाच ताटात वाढली की दोन्हीची चव कळत नाही. वर पाच वर्षं पैसे अडकणार आणि खर्च किती कापला जातो ते समजायला माहितीपत्रकाची पंधरा पानं. विमा हवाच असेल तर मुदत विमा वेगळा घ्यावा. (मॅडमनी पुढे घेतला, पण तो वेगळा विषय.)

भाच्याचा मार्ग मला मोडायचीही गरज पडली नाही, सेबीनेच मोडला. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. शिवाय सरकारी सेवेच्या वर्तणूक नियमांत शेअर्समधल्या सट्ट्याला मनाई असते, हे मॅडमना सांगितल्यावर त्यांनी भाच्याचा ग्रुप त्याच संध्याकाळी सोडला.

पुन्हा मुदत ठेव हा पर्याय वाईट नव्हता. माझं स्वतःचं बरंचसं तिथेच आहे. पण मुलीचं उच्च शिक्षण पाच-सहा वर्षांवर, मुलाचं दहा वर्षांवर आणि निवृत्ती वीस वर्षांवर. या तिन्हींना एकाच ठेवीचं झाकण बसणार नव्हतं.

राहिला इंडेक्स फंड. मॅडमना मी शाळेच्या भाषेत सांगितलं. निफ्टी ५० म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचं हजेरीपत्रक. एप्रिल १९९६ मध्ये हा निर्देशांक सुरू झाला, आधार ३ नोव्हेंबर १९९५ चा, त्या दिवशीची पातळी १,००० धरलेली. ज्या कंपनीच्या खुल्या बाजारातल्या शेअर्सची किंमत जास्त तिचं वजन जास्त. दर सहा महिन्यांनी पट तपासला जातो, मागे पडलेल्यांची नावं कमी होतात, नवी चढतात. फंड व्यवस्थापकाने यात हुशारी करायची नाही, पट जसा आहे तसा उतरवून काढायचा. म्हणून खर्च कमी.

"मग एखादी कंपनी बुडाली तर?" हा मॅडमचा पुढचा प्रश्न, आणि तो बरोबर होता. सत्यम निफ्टीत होती, जानेवारी २००९ मध्ये घोटाळा उघड झाला आणि ती बाहेर गेली. येस बँकेचं मार्च २०२० मध्ये तेच झालं. त्यांच्यामुळे फंडाला झळ बसलीच. पण पन्नासातल्या एकाची झळ होती, घर जळालं नाही. सगळा बाजारच पडला तर मात्र पन्नासच्या पन्नास कंपन्या वाचवायला येत नाहीत, हेही सांगितलं. २००८ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत निफ्टी सुमारे ६० टक्के घसरला होता आणि जुन्या पातळीवर यायला २०१० ची दिवाळी उजाडली. २३ मार्च २०२० ला तर एका दिवसात १३ टक्के.

मॅडमनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे पचलं, असा माझा समज झाला. तो चुकीचा होता, ते पुढे येईलच.

निफ्टीच का, सेन्सेक्स का नाही, नेक्स्ट ५० (निफ्टीनंतरच्या पन्नास कंपन्या) का नाही, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या, निफ्टीत पन्नास, दोघांची चाल जवळजवळ सारखी. नेक्स्ट ५० ची उडी मोठी आणि आपटही मोठी, पहिल्या वर्षी ती नको. हल्ली मोमेंटम (अलीकडे जोरात वाढलेले शेअर्स), संरक्षण, पर्यटन अशा कशावरही निर्देशांक निघतो आणि त्याच्या फंडालाही 'इंडेक्स फंड' अशीच पाटी लागते. पाटी बघून आत शिरू नये एवढं सांगितलं.

ईटीएफचा, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घ्यायच्या इंडेक्स फंडाचा, विचार केला. खर्च कमी असतो, पण डीमॅट खातं लागतं आणि बाजार चालू असताना खरेदी करावी लागते. वर्गात मुलं समोर बसलेली असताना शिक्षिकेने भाव बघत बसू नये, हे कारण मॅडमनीच दिलं. शिवाय एकदा डीमॅट आलं की भाचा आलाच.

डायरेक्ट की रेग्युलर, इथे मात्र थांबलो. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो, त्यात वितरकाचं कमिशन नसतं, म्हणून खर्चाचा आकडा कमी असतो. फरक टक्क्याच्या अपूर्णांकात दिसतो म्हणून लोक सोडून देतात. एक हिशोब मांडून दाखवला: महिना ५,००० रुपये, वीस वर्षं, भरणा १२ लाख. परतावा वर्षाला ११ टक्के धरला तर सुमारे ४३ लाख, १० टक्के धरला तर सुमारे ३८ लाख. हे परतावे गृहीत धरलेले आहेत, कोणी देऊ केलेले नाहीत. पण एक टक्क्याची किंमत पाच लाख होते, एवढं त्यातून दिसतं. इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट आणि रेग्युलरमधला फरक सहसा एका टक्क्याहून कमीच असतो, तरी जे काम आपण तासाभरात करू शकतो त्याचे वीस वर्षं पैसे का द्यायचे?

दुसरी बाजूही आहे. चांगला वितरक घसरणीच्या काळात हात धरून बसवतो, त्याचं कमिशन तिथे वसूल होतं. मॅडमच्या बाबतीत ते काम फुकटात माझ्या गळ्यात पडलं.

पैशाची वाटणी

पिकणाऱ्या तीन लाखांचं काय करायचं हा खरा पहिला निर्णय होता. मॅडमचं मत होतं, सगळे फंडात टाकू. मी विचारलं, ठेवीवर किती मिळतं? सात टक्के. पतसंस्थेला किती देता? दहाच्या वर. म्हणजे एका खिशात सातने ठेवायचे आणि दुसऱ्या खिशातून दहाने द्यायचे. नोकरदार घरांत हे सर्रास चालतं, कारण ठेव ही 'आपली' असते आणि कपात 'पगारातून' होते. दोन्ही पैसे एकाच घरातले आहेत हे कुठेच एका कागदावर लिहिलेलं नसतं.

वाटणी ठरली ती अशी. ६० हजार देऊन कर्ज मिटवायचं. दीड लाख अडीअडचणीसाठी दुसऱ्या बँकेत मुदत ठेवीत, केव्हाही मोडता येईल अशा. उरलेले ९० हजार निफ्टी इंडेक्स फंडात, पण सहा महिन्यांत १५ हजारांच्या हप्त्याने. आणि कर्ज मिटल्यामुळे महिन्याला वाचणाऱ्या ४,८०० मध्ये दोनशे घालून ५,००० ची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप फंडात जाणारा हप्ता. घरखर्चाला धक्काच लागणार नव्हता, कारण हे पैसे आधीही हातात येतच नव्हते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. फंड कुठला घेतला याला त्यापुढे फारशी किंमत नाही.

९० हजार एकदम का नाही टाकले? खरं सांगायचं तर गणित एकदम टाकण्याच्या बाजूनेच जातं. बाजार दीर्घकाळात वर जात असेल तर थांबलेला पैसा मागे पडतो. पण आयुष्यात पहिल्यांदा बाजारात उतरणाऱ्या माणसाला महिन्याभरात दहा हजारांचा खड्डा दिसला तर तो परत कधी येत नाही, हे मी बँकेत पाहिलंय. म्हणून हप्ते केले ते मन सांभाळायला. परतावा वाढवायला केले नव्हते.

केवायसीचं रामायण

फंड ठरला, पैसे ठरले, आणि गाडी अडली नावावर.

मॅडमचं पॅन कार्ड माहेरच्या नावाने. आधार सासरच्या नावाने. बँकेच्या पासबुकावर सासरचं नाव पण आडनावाचं स्पेलिंग वेगळं. पॅन आणि आधार जोडलेले नव्हते, कारण जोडायला गेलं की नाव जुळत नाही असा संदेश यायचा आणि त्या सोडून द्यायच्या. एप्रिल २०२४ पासून केवायसीची, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची, छाननी कडक झाली होती. आधारवरून पडताळणी झाली असेल तर 'व्हॅलिडेटेड', नाहीतर नुसतंच 'रजिस्टर्ड' किंवा 'ऑन होल्ड', आणि मग दर नव्या फंड कंपनीकडे कागद पुन्हा.

मॅडमकडे विवाह नोंदणीचा दाखलाच नव्हता. लग्न २००९ चं, पत्रिका होती, फोटो होते, दाखला नव्हता. तो आधी ग्रामपंचायतीतून काढला. ग्रामसेवक दोन वेळा भेटले नाहीत, तिसऱ्या वेळी भेटले. दाखल्यावरून पॅनमध्ये नाव दुरुस्त केलं. नवं पॅन आल्यावर आधार जोडलं, उशिराचे हजार रुपये भरून. मग बँकेत नावाचं स्पेलिंग. यात सात आठवडे गेले. शेवटी फंड कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडायला लागली वीस मिनिटं.

लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईला मी आता हेच सांगतो: फंड नंतर निवडा, आधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारीशेजारी ठेवून तीन नावं वाचा.

नामनिर्देशनात पतीचं नाव घातलं. हे चुकवता येतं, पण चुकवू नये.

पहिला हप्ता आणि पहिली चूक

२० सप्टेंबर २०२४ ला पहिले २० हजार गेले, ५,००० एसआयपीचे आणि १५,००० हप्त्याचे. निफ्टी त्या दिवशी २५,७९१ वर बंद झाला. सहाच दिवसांनी, २६ सप्टेंबरला, तो २६,२१६ वर पोचला, आणि तिथून जी उतरंड लागली ती फेब्रुवारी संपेपर्यंत थांबली नाही. म्हणजे मॅडम माळ्यावर चढल्या आणि कोणीतरी शिडी काढून घेतली.

पण पहिली चूक बाजाराची नव्हती, माझी होती. पुढच्या हप्त्यांसाठी एसआयपीची तारीख मी ५ सुचवली. बँकेत आयुष्य गेलं, पगार एक तारखेला व्हायचा, ती सवय. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार शालार्थ प्रणालीतून निघतो, त्याला बिल, अनुदान, कोषागार असे टप्पे, आणि तो कधी ७ ला होतो, कधी १६ ला. ऑक्टोबरची ५ तारीख शनिवारी आली, हप्ता सोमवारी ७ ला गेला, पगार ९ ला झाला. खात्यात ३,८०० रुपये होते. हप्ता परत गेला. फंड कंपनीने काही घेतलं नाही, बँकेने मात्र दंड आणि त्यावर जीएसटी कापला.

"भाऊजी, अजून कमवलं काहीच नाही आणि दंड आधी," मॅडम म्हणाल्या. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते असे परत गेले की ती आपोआप रद्द होते. तारीख बदलून २० केली. ऑक्टोबरचे पैसे २१ ला हाताने भरले, कारण २० ला रविवार होता.

नोव्हेंबरची २० तारीख विधानसभेच्या मतदानाची. शेअर बाजार बंद. मॅडम एका वाडीवर मतदान अधिकारी म्हणून, रात्री साडेअकराला मशीन जमा करून घरी. एसआयपी दुसऱ्या दिवशीच्या भावाने गेली, निफ्टी २३,३५० वर. त्यांना ते आठवडाभर कळलंही नाही. तो महिना, माझ्या मते, त्यांच्या गुंतवणुकीचा सर्वोत्तम महिना होता.

घसरण

जानेवारीत सासरे अंगणात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेला ६२ हजार लागले. वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकता येतं, पण ते पैसे यायला महिने जातात. दीड लाखांची ठेव अर्धवट मोडली आणि काम भागलं. फंडाला हात लावावा लागला नाही. २० जानेवारीला निफ्टी २३,३४५ च्या आसपास होता. सगळे पैसे फंडात असते तर त्या भावाला विकून तोटा पदरात पाडून घ्यावा लागला असता.

पण याच दिवसांत भाच्याने मॅडमच्या मोबाइलवर एक अॅप टाकून दिलं, "एका जागी सगळं दिसतं" म्हणून. आता रोज सकाळी लाल आकडा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी घसरला, १९९६ नंतर असं पहिल्यांदाच झालं. ४ मार्च २०२५ ला निफ्टी २२,०८३ च्या आसपास, शिखरापासून सुमारे १६ टक्के खाली. मॅडमचे भरलेले १,२०,००० रुपये अॅपवर १,११,००० च्या जवळपास दिसत होते. नऊ हजार गेलेले.

त्या आठवड्यात मॅडमचे यजमान पहिल्यांदा माझ्याकडे आले. तोवर सगळी बोलणी मॅडमशी झालेली. चहा झाला आणि ते म्हणाले, "साहेब, पतसंस्थेत निदान पासबुकावर दोन लाख दिसत तरी होते. इथं तर दिसतानाच कमी होतायत."

मॅडमच्या आईच्या दोन लाखांची गोष्ट मला तेव्हा समजली. माणूस नऊ हजारांचा हिशोब मागायला आलेला नव्हता. तो एकदा घरच्यांना तोंडघशी पाडून बसला होता आणि आता बायको त्याच वाटेने चालली आहे असं त्याला वाटत होतं.

इथे तीन पर्याय होते. सगळं काढून घेणं. एसआयपी थांबवून असलेलं तसंच ठेवणं. किंवा चालू ठेवणं. माझा कल चालू ठेवण्याकडे होता, पण २०२० चे आणि २००८ चे आकडे पुन्हा सांगून उपयोग नव्हता. ज्याचे पैसे एकदा अडकलेत त्याला आलेख दाखवून काय होणार?

मग एक गोष्ट केली. मॅडमना म्हटलं, आत्ता इथे बसून फंडातून एक हजार रुपये काढायची विनंती टाका. टाकली. नियमाप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत पैसे खात्यात. बँकेचा मेसेज आला तो यजमानांनीच मला पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. पतसंस्थेच्या पासबुकातला आकडा कधी कमी झाला नाही आणि पैसे कधी मिळाले नाहीत. इथे आकडा रोज खालीवर होतो आणि पैसे मागितले की मिळतात. हा फरक हजार रुपयांत कळला. विकलेल्या युनिट्सवर किरकोळ तोटा झाला, तो मी शिकवणीची फी म्हणून धरतो.

तरी मार्चचा हप्ता त्यांनी भरला नाही. एक महिना एसआयपी थांबवली, एप्रिलपासून सुरू. मी हट्ट धरला नाही. २० मार्चला निफ्टी २३,१९० च्या आसपास होता. तो चुकलेला हप्ता तीन महिन्यांनी साधारण चारशे रुपयांनी वाढलेला असता. एका महिन्याच्या खंडाची किंमत एवढीच, आणि घरात त्या महिन्यात शांतता होती. कायमची थांबली असती तर हिशोब वेगळा झाला असता.

निकाल

२० जून २०२५ ला निफ्टी २५,११२ वर होता. मॅडमनी तोवर एकूण १,३५,००० रुपये भरले होते, १,००० काढले होते, आणि खात्यात सुमारे १,४१,००० होते. म्हणजे नऊ महिन्यांत सात हजारांच्या आसपास वाढ. बँकेच्या ठेवीने याच हप्त्यांवर सात टक्क्यांनी साडेचार हजारांच्या आसपास दिले असते, तेही रात्रीची झोप न मोडता. पहिल्या वर्षाचा निकाल म्हणून याकडे बघणाऱ्याला इंडेक्स फंड फारसा आवडणार नाही.

९० हजार पहिल्याच दिवशी टाकले असते तर जूनमध्ये, लाभांश बाजूला ठेवून, ते ८७,६०० च्या आसपास असते. हप्त्यांनी टाकले म्हणून ९४,५०० च्या जवळ गेले. हे ऐकून यजमान म्हणाले, "म्हणजे हप्तेच बरे." नाही. यावेळी बाजार आमच्या मागोमाग पडला म्हणून हप्ते बरे ठरले. मार्च २०२० च्या तळाला कोणी सहा महिन्यांचे हप्ते पाडले असते तर पुढचा प्रत्येक हप्ता पहिल्यापेक्षा महाग पडला असता.

दरम्यान निर्देशांकाचा पट दोनदा बदलला. सप्टेंबर २०२४ अखेर ट्रेंट आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स आत आल्या, दिवीज आणि एलटीआय माइंडट्री गेल्या. मार्च २०२५ अखेर झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल आत, भारत पेट्रोलियम आणि ब्रिटानिया बाहेर. मॅडमना त्यासाठी काहीही करावं लागलं नाही. "ब्रिटानिया गेली? अहो, आमच्या पोरांच्या डब्यात तर अजून आहे!" एवढीच प्रतिक्रिया.

कराचा प्रश्न अजून आलेला नाही. येईल तेव्हा जुलै २०२४ पासूनचा नियम असा: वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकलं तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

पुन्हा करायचं झालं तर

यजमानांना पहिल्याच दिवशी समोर बसवेन. पैसे मॅडमच्या पगाराचे, निर्णय त्यांचा, हे मान्य. पण घरात ज्याचे हात एकदा पोळलेत त्याची भीती आधी ऐकून घेतली असती तर हजार रुपये काढून दाखवायचा प्रयोग सप्टेंबरमध्येच झाला असता आणि मार्चची ती संध्याकाळ आली नसती.

घसरण आल्यावर काय करायचं हे घसरण येण्याआधी कागदावर लिहून सही करून घेईन. मॅडमनी २००८ चे आकडे वहीत लिहिले होते खरे, पण ते इतिहासाचे धडे म्हणून. 'माझे एक लाख ७५ हजार झाले तर मी अमुक करेन' हे वाक्य कुणीच लिहिलं नव्हतं. मीही लिहायला लावलं नाही.

एसआयपीची तारीख ठरवण्याआधी गेल्या बारा महिन्यांचं पासबुक उघडून पगार कोणकोणत्या तारखांना जमा झाला ते बघेन. यात दंडाचे पैसे वाचतात त्यापेक्षा सुरुवातीचा उत्साह वाचतो.

एनपीएसचाही विचार उशिरा केला. त्यातला काही हिस्सा शेअर्समध्ये असतोच, कर्मचाऱ्याने वेगळा पर्याय निवडला नसेल तर २०२५ च्या मध्यापर्यंत तरी तो १५ टक्क्यांपर्यंत होता. निवृत्तीचा हिशोब करताना तो आणि इंडेक्स फंड एकाच कागदावर हवेत. अजून आलेले नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत बसायचं ठरलंय.

अॅपबद्दल माझं मत अजून ठाम नाही. मला वाटत होतं ते काढून टाकावं. मॅडमनी काढलं नाही, फक्त पहिल्या पानावरून हलवून मुलीच्या अभ्यासाच्या अॅपच्या मागे ठेवलं. म्हणतात, हल्ली महिन्यातून एकदा उघडते, २० तारखेनंतर.

वैद्यकीय प्रतिपूर्तीचे पैसे आले की आधी दीड लाखांची ठेव पूर्ववत करायची, मगच एसआयपी सहा हजार करायची, असं त्यांनी स्वतः ठरवलंय. जूनचा पगार १४ तारखेला झाला. बिल अजून पंचायत समितीत आहे.